सरत्या वर्षाचा आढावा: मुंबईच्या धावपळीत खरंच जमेल अशी पद्धत

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणी विचारलं, "काय, कसं गेलं वर्ष?" की आपण चटकन म्हणतो, "गेलं भुर्रकन." नाहीतर, "यंदा काही खरं नव्हतं." दोन्ही उत्तरं मनापासूनची असतात आणि दोन्ही अर्धवट. त्या क्षणी डोळ्यांसमोर असतात ते गेले दीड-दोन महिने आणि वर्षातले दोन-तीन मोठे प्रसंग. फेब्रुवारी कसा गेला, जूनमध्ये आपण कशाने हैराण होतो, ऑगस्टमध्ये कोण घरी राहून गेलं, हे विचारल्याशिवाय आठवत नाही.

स्मरणशक्ती कामच असं करते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका खेपेला १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. आता पुन्हा करायचं झालं तर कोणती खेप कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली खेप निवडली. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट जरा बरा होता, म्हणून आठवण बरी राहिली. आपल्या वर्षाचंही तेच होतं. डिसेंबरात साहेबांशी वाजलं असेल तर सगळं वर्ष वाईट वाटतं. नाताळच्या सुट्टीत गोव्याला जाऊन आलो तर मार्चमध्ये रोज रात्री झोप लागत नव्हती हे विसरायला होतं.

म्हणून पुढची सगळी पद्धत एकाच आग्रहावर उभी आहे: आधी पुरावे गोळा करा, मत नंतर बनवा.

वेळ आणि जागा आधी ठरवा

आपलं नवं वर्ष पाडव्याला, मग डिसेंबरात हा खटाटोप कशाला, असं काहींना वाटेल. कारण व्यवहाराचं आहे. शिल्लक रजा संपवायची असते, ऑफिसात काम थोडं सैल असतं, नाताळची सुट्टी मिळते आणि मुंबईत वर्षातून एकदाच जरा गारवा असतो तो याच सुमारास. पाडव्यालाही या कामात जागा आहे, ती पुढे सांगते.

सगळं एका बैठकीत उरकायला जाऊ नका. तीन बैठका धरा: एक गोळा करण्याची, एक लिहिण्याची, एक घरच्यांशी बोलण्याची. मधे दोन-तीन दिवसांचं अंतर असू द्या, कारण पहिल्या बैठकीत जे सापडतं ते मनात मुरायला वेळ लागतो. ३१ तारखेची संध्याकाळ यासाठी अजिबात ठेवू नका; त्या दिवशी कुणीतरी बोलावतंच.

जागेचा प्रश्न मुंबईत मोठा आहे. वन रूम किचनमध्ये चार माणसं, टीव्ही चालू, शेजारच्यांची ये-जा, अशात स्वतःबद्दल खरं लिहिणं होत नाही. लिहिताना कुणी खांद्यावरून डोकावेल ही भीती असली की माणूस शोभेचं लिहितो. म्हणून दुसऱ्या बैठकीसाठी घराबाहेर पडा. शिवाजी पार्कचा कट्टा सकाळी सात वाजता, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समधलं एखादं बाक, जवळच्या वाचनालयातली अभ्यासिका. बोरिवलीचं नॅशनल पार्क उत्तम, पण ते सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. लोकलमध्ये फोटो चाळण्याचं काम होऊ शकतं, बसायला मिळालं तर. मनातलं लिहिण्याचं काम तिथे होणार नाही.

पहिली बैठक: पुरावे

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. १९७३ पासून मराठी घरांत कालनिर्णय टांगलं जातं आणि त्याच्या चौकटींत घराचा खरा इतिहास लिहिलेला असतो. पेनने, पेन्सिलीने, कधी हाताशी आलेल्या स्केचपेनने. "दूध नाही." "अर्धा लि. जादा." गॅस लावल्याची तारीख. बाई न आलेल्या दिवसांवर फुल्या. "आई डोळे ४.३०." एखाद्या तारखेभोवती नुसतं गोल, आणि ते कशासाठी होतं हे आता कुणालाच आठवत नाही. हे सगळं वाचता येतं. सलग आठ दिवस दूध बंद म्हणजे गावी गेला होतात. दूध जादा म्हणजे पाहुणे होते, आणि तो सिलिंडर लवकर संपला असेल तर पाहुणे बरेच दिवस होते. बाईच्या फुल्या एकाच महिन्यात भरपूर असतील तर त्या महिन्यात घरात कुणाची ओढाताण झाली, तेही कळतं. डॉक्टरांच्या नोंदी कोणाच्या नावाने आहेत आणि कोणाच्या नावाने एकही नाही, तेही पाहून ठेवा. नवं कॅलेंडर आलं की जुनं पुस्तकांना कव्हरं घालायला जातं. त्याआधी बाराही पानांचे फोटो काढा.

मग फोनमधले फोटो, जानेवारीपासून क्रमाने. लग्न-वाढदिवसांचे फोटो पटकन पुढे सरकवा. तिथे सगळेच हसत असतात. स्क्रीनशॉटवर मात्र थांबा. एखाद्या कोर्सची जाहिरात, दुसऱ्या नोकरीची माहिती, कर्जतजवळच्या एखाद्या ट्रेकचा तपशील, कुणीतरी पाठवलेली पाककृती. करायचं मनात होतं पण झालं नाही, ते स्क्रीनशॉटमध्ये सापडतं.

तिसरा पुरावा बँकेचं स्टेटमेंट. बँकेच्या ॲपवर आर्थिक वर्ष, म्हणजे एप्रिल ते मार्च, असा पर्याय सहज समोर येतो. तो घेऊ नका, तारखा स्वतः टाकून १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं काढा. ते बचतीसाठी वाचायचं नाही, तो विषय वेगळा. रात्री अकरानंतर मागवलेल्या जेवणाचे पैसे सलग कोणत्या आठवड्यांत गेले, ते पाहा. ते तुमचे थकव्याचे आठवडे. मेडिकलच्या दुकानाचं नाव कधी वारंवार येतं? एखाद्या मित्राच्या नावाने दर महिन्याला काही ना काही व्यवहार होता आणि जुलैनंतर तो एकदम थांबला, असं दिसतंय का? रिक्षा-टॅक्सीचा खर्च कोणत्या महिन्यात वाढला? यूपीआयमुळे दहा रुपयांच्या चहाचीसुद्धा नोंद राहते, ती या कामाला उपयोगी पडते.

चौथा पुरावा व्हॉट्सॲप. सगळं वाचत बसू नका, शोधचौकटीत ठरावीक शब्द टाका: "हॉस्पिटल", "उशीर", "सॉरी", "अभिनंदन". आणि एक खास, "नक्की भेटू". हा शब्दप्रयोग किती जणांना लिहिला आणि त्यातले कितीजण प्रत्यक्ष भेटले, ही यादी बाजूला काढून ठेवा. तिचं काम पुढे आहे.

या बैठकीत कुठलाही निवाडा करायचा नाही. "अरे बापरे, किती पैसे उधळले" असं सुरू झालं की बैठक मोडते.

बारा चौकटी

दुसऱ्या बैठकीत मोठा कागद घ्या, आडवा, आणि बारा चौकटी आखा. प्रत्येक महिन्यात तीन-चार ओळी: काय घडलं, कोण सोबत होतं, तब्येत कशी होती. पुरावे समोर असले तरी महिने रिकामे राहतात, तेव्हा ऋतू आणि सण कामाला येतात. संक्रांतीला कोणाकडे गेला होतात? परीक्षांच्या दिवसांत घरात वातावरण कसं होतं? मे महिन्यात गावी गेलात की इथेच राहिलात, आणि राहिलात तर का? पहिल्या मोठ्या पावसात कुठे अडकलात, घरी कोणी फोन केला? गणपतीत कोणाच्या घरी जायचं राहिलं? दिवाळीचा फराळ यंदा कोणी केला, की विकत आणला? गणपतीची, दिवाळीची तारीख दर वर्षी पुढेमागे होते, तेव्हा आधी कॅलेंडरवर पाहून मग चौकटीत लिहा.

चौकटी भरल्या की दोन रंगांची पेनं घ्या. ज्या गोष्टींनी बळ दिलं त्या एका रंगाने अधोरेखित करा, ज्यांनी पिळून काढलं त्या दुसऱ्याने. काही गोष्टींखाली दोन्ही रंग येतील. आजारी वडिलांची सेवा, लहान मूल, सोसायटीच्या कमिटीचं काम. अशा ठिकाणी एक रंग खोडायचा प्रयत्न करू नका.

आता वेळेचा हिशेब. डोंबिवली, विरार किंवा पनवेलहून शहरात येणाऱ्या माणसाचा घरापासून ऑफिसपर्यंत एका बाजूचा दीड तास सहज जातो. दिवसाचे तीन तास. वर्षात २४० दिवस कामावर गेलात तर ७२० तास, म्हणजे चोवीस तासांचे पूर्ण ३० दिवस. वर्षातला एक अख्खा महिना प्रवासात जातो. हा आकडा स्वतःच्या प्रवासाप्रमाणे काढा आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहा. "मला काहीच जमलं नाही" असं वाटतं तेव्हा हा आकडा समोर असणं न्यायाचं आहे. ज्याच्याकडे अकराच महिने होते त्याने बारा महिन्यांच्या अपेक्षा धरून स्वतःला कोसू नये. त्याच वेळी हेही विचारा, की त्या तासांतलं आपल्या हातात काय होतं. कुणी भजनात रमतं, कुणी वाचतं, कुणी डुलकी काढतं. डुलकीही मी कमी धरत नाही. पण रोजचे तीन तास दुसऱ्यांचे व्हिडिओ बघण्यात गेले आणि त्यातलं एकही आठवत नसेल, तर ती नोंद व्हायला हवी.

माणसं

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा इथे आहे. पगार, पद, घराचे हप्ते यांचा हिशेब वर्षभर कुणी ना कुणी घेतच असतं. माणसांचा हिशेब कुणी विचारत नाही.

वेगळं पान घ्या आणि नावं लिहा. ज्यांच्यासोबत यंदा निवांत बसलात, त्यांची आधी. निवांत म्हणजे घड्याळ न बघता. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता टाकून पंगतीच्या आधी पाच मिनिटं बोललात ते यात धरायचं नाही. नंतर, जे अडचणीत धावून आले. या यादीत काही नावं अनपेक्षित असतात: शेजारच्या काकू, सोसायटीचे वॉचमन, डब्यातली एखादी मैत्रीण जिचं आडनावही ठाऊक नाही. आणि शेवटी ज्यांना "नक्की भेटू" म्हणालात, ती बाजूला काढलेली यादी.

ही शेवटची यादी मुंबईत लांब असते. बदलापूरची आत्या, नालासोपाऱ्याचा चुलतभाऊ, ठाण्याला शिफ्ट झालेली शाळेतली मैत्रीण. नकाशावर जवळची वाटणारी ही माणसं रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये परगावी असल्यासारखी दूर जातात. "एकदा या ना घरी" असं दोन्हीकडून म्हटलं जातं, आणि पुढची भेट थेट कुणाच्या तरी तेराव्याला होते.

या यादीतली जास्तीत जास्त दोन नावं निवडा आणि वर्ष संपायच्या आत फोन करा. फोनच, मेसेज नको. बोलायचं काय, या संकोचात हे फोन राहून जातात, म्हणून सुरुवात सांगते. "आत्या, मी बोलतेय. काही काम नाही, सहज केला फोन." एवढ्याने पुरतं. पलीकडून थोडी शांतता येईल, मग "सगळं ठीक आहे ना?" असं काळजीने विचारलं जाईल, कारण आपल्याकडे विनाकारण फोन येण्याची सवय उरलेली नाही. ठीक आहे म्हणा आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी करा. "खूप दिवस झाले, सॉरी, काम इतकं होतं" असं लांबण लावू नका. त्यामुळे समोरच्या माणसाला तुमचं समाधान करत बसावं लागतं. फोन ठेवण्याआधी एक तारीख ठरवा. "एकदा येते" असं मोघम सांगू नका. "तेरा तारखेला रविवारी साडेदहाला येते, जेवायला थांबते" असं सांगा.

ज्यांच्याशी भांडण झालं, अबोला धरला, त्यांचं काय? त्यांची नावं लिहा, पण डिसेंबरच्या भरात लगेच फोन करू नका. नावापुढे एवढंच लिहा, की या माणसाकडून मला काय हवं होतं. बऱ्याचदा ते लिहिल्यावर कळतं की ती अपेक्षा आपण त्यांना कधी तोंडाने सांगितलीच नव्हती. काही नाती मात्र तुटलेलीच बरी असतात. ज्या घरात मार किंवा अपमान सोसला, तिथे वर्षअखेरीच्या निमित्ताने परत जायची काहीच गरज नाही.

तब्येतीबद्दल थोडंच. वर्षभरातले रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, घरातल्या प्रत्येकाचे वेगळे. ज्याची फाइल रिकामी आहे, त्याची तपासणी जानेवारीत. अनेक घरांत ती आईची असते.

जे लिहायला हात धजत नाही

एखाद्या चौकटीपाशी पेन थांबतं. नोकरी गेली, गर्भ राहिला नाही, वडील गेले, लग्न मोडलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनिबेकर आणि सॅंड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली साधी रीत इथे वापरता येते: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, त्या एकाच गोष्टीबद्दल, मनात येईल तसं, न थांबता लिहायचं. शुद्धलेखन नाही, खाडाखोड नाही, कुणाला दाखवायचं नाही. काय घडलं तेही लिहायचं आणि तेव्हा आत काय झालं तेही. लिहिल्यावर लगेच बरं वाटेल असं नाही, उलट काही वेळ जड वाटतं. म्हणून झोपायच्या आधी लिहू नका, आणि लिहून झाल्यावर अर्धा तास मोकळा ठेवा, जमल्यास चालून या. कागद नंतर फाडून टाकले तरी चालतात.

दुःख अगदी ताजं असेल, महिना-दोन महिन्यांपूर्वीचं, तर यंदा ती चौकट मोकळी सोडा. पुढच्या वर्षी भरता येईल. आणि लिहिता लिहिता जगणं नको वाटायला लागलं, किंवा बरेच दिवस तसं वाटत असेल, तर वही बंद करा आणि जवळच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिसरी बैठक: घरच्यांसोबत

नवरा-बायकोने ही बैठक घरात रात्री जेवणानंतर घेऊ नये. दिवसभराचा शीण असतो, भांडी पडलेली असतात, आणि तिसऱ्या वाक्याला "तू नेहमीच असं करतोस" येतं. बाहेर जा. वरळी सी फेसवर किंवा जवळच्या तलावाभोवती चालत बोला. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्ट सोपी जाते. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही, मग उलट. विचारायचं एवढंच: "यंदा तुला कधी एकटं वाटलं?" आणि "मी केलेलं काय तुला बरं वाटलं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना बचाव करायची उबळ येते. ती आवरा. "अगं, पण तेव्हा माझं क्लोजिंग चालू होतं" हे खरं असलं तरी त्या दिवशी नको.

मुलांना लांबलचक प्रश्न विचारू नयेत. "यंदा सगळ्यात मजा कधी आली?" आणि "आईबाबा कधी आवडले नाहीत?" एवढं विचारा आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या. सासू-सासरे, आई-वडील सोबत असतील तर त्यांना बैठकीला बसवू नका, त्यांना ते परीक्षेसारखं वाटतं. दुपारच्या चहाला कॅलेंडरची पानं त्यांच्यासमोर ठेवा. "आई, हे गोल कशाचं?" एवढ्यावर पुढचा तासभर त्याच बोलतात.

ठरवायचं किती आणि कसं

तीनच गोष्टी. त्यातली एक तरी बंद करण्याची असावी, कारण नवं काही सुरू करायला मुंबईत वेळ आधी मोकळा करावा लागतो. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम सांगतं, की नुसता निश्चय आणि "अमुक घडलं की मी तमुक करीन" असं ठरवणं यांत बराच फरक पडतो. दुसऱ्या प्रकारचे बेत जास्त वेळा पार पडतात. म्हणून "आईशी जास्त बोलेन" असं लिहू नका. "शनिवारी सकाळचा चहा झाला की आईला फोन" असं लिहा. "व्यायाम करेन" ऐवजी "स्टेशनवरून येताना शेअर रिक्षाच्या रांगेत न थांबता चालत येईन". जुन्या सवयीला नवी बांधली की आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

हे तिन्ही बेत नव्या कॅलेंडरवर लगेच चढवा, आणि पाडव्याच्या चौकटीत "आढावा" असं लिहा. मार्च-एप्रिलमध्ये येणारा पाडवा म्हणजे सुमारे तीन महिन्यांनंतरची तपासणी, आणि चुकलेला बेत पुन्हा सुरू करायला घरात मुहूर्तही आयताच असतो. त्या दिवशी जो बेत एकदाही पाळला गेला नाही तो खोडून टाका, त्याच्या जागी सोपा घ्या. दुसरी तपासणी गणपती गेल्यावर.

बारा चौकटींचा कागद, माणसांचं पान आणि कॅलेंडरचे छापलेले फोटो एका पाकिटात घालून वर वर्ष लिहा आणि घराची कागदपत्रं ठेवता त्याच फाइलमध्ये ठेवा. फोनमध्ये ठेवलं तर फोन बदलताना जातं. घरातल्या कुणी वाचू नये असं काही असेल तर पाकीट चिकटवून टाका. आणि ३१ डिसेंबरपर्यंत जमलंच नाही तर संक्रांतीपर्यंत वेळ घ्या; फक्त भिंतीवरचं जुनं कॅलेंडर तोवर कुणाला फाडू देऊ नका.